उलट्या क्वार्टरची न्हाणी

कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो की मी चहाच्या आधी न्हाणी बघून येतो. आमच्या बायकोला याची फार लाज वाटते. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलो होतो, तेव्हाही हात धुण्याच्या निमित्तानं आत शिरलो, तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभा राहिलो. पाणी जाळीकडे न जाता भिंतीकडे गेलं. बाहेर येऊन बायकोच्या कानात सांगितलं, तर ती म्हणाली, "पोरगी पोराले देऊन राह्यलो का न्हाणीले?" पोरगी दिली. जावई चांगला निघाला. न्हाणी मात्र मी पुढे एका सुटीत जाऊन फोडली आणि नव्यानं लावून दिली. त्यानंतरच मला त्या घरचं जेवण गोड लागलं.

माझं नाव कवडू. गाव सिंदेवाहीकडचं, धानाच्या शेतीचं. धंदा फरशी लावायचा. ऐंशीनंतरची सगळी वर्षं मी चंद्रपूरपासून बसनं अर्ध्या तासावरच्या एका कॉलनीत काढली. आधी क्वार्टरं बांधणाऱ्या ठेकेदाराच्या टोळीत होतो, मग तिथल्याच देखभाल खात्यात रोजंदारीवर लागलो. कॉलनीचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि रोज आंघोळी करतात.

या अंकाचे संपादक म्हणाले, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. एका गृहस्थांनी तक्रार लिहिली की न्हाणीतून वास येतो. गेलो, तर कोपऱ्यात ड्रम आणि ड्रमात मोहफुलं भिजत घातलेली. मी म्हटलं, "भाऊ, हे काय?" ते गंभीरपणे म्हणाले, "अंगाले लावाचं औषध होय." मी जाळी साफ केली आणि औषध लवकर संपवा म्हणून सांगून आलो. दुसऱ्या एका बाईंनी भिंतीच्या पांढऱ्या फरशीत एक फुलाची फरशी उलटी लागली म्हणून मला तीनदा बोलावलं. तिसऱ्या खेपेला मी फुलाऐवजी त्यांनाच थोडं वाकून बघायला सांगितलं. त्यावर साहेबांकडे माझी तक्रार गेली, आणि ती योग्यच होती.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट गमतीची नाही. त्यासाठी आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. खोलीची फरशी सपाट लावतात, न्हाणीची तशी लावत नाहीत. तिला उतार द्यावा लागतो, दर फुटाला पाव इंच. पाच फुटांची न्हाणी असेल तर दारापासून जाळीपर्यंत सव्वा इंच. इतका उतार उभ्या माणसाला दिसत नाही, पायालाही फारसा कळत नाही. पाण्याला मात्र कळतो. हा उतार फरशीत नसतो, फरशीखालच्या सिमेंट-रेतीच्या मसाल्यात असतो. एकदा वर फरशी बसली की मिस्त्रीनं खाली काय केलंय ते कुणाला दिसत नाही.

आमची क्वार्टरं जोडीनं होती. मधली भिंत एकच, तिच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून दोन न्हाण्या, म्हणजे नळाचं काम एकाच ठिकाणी होतं. त्यामुळे एका क्वार्टरात दारातून आत शिरताना जाळी डाव्या हाताला, शेजारच्यात उजव्या. आम्ही एकाला सुलटं म्हणत होतो, दुसऱ्याला उलटं. ठेकेदारानं आधी सगळी सुलटी घेतली. तीसेक न्हाण्या मी डावीकडे उतार देत लावल्या. मग उलटी सुरू झाली. मसाला आत पडू नये म्हणून जाळीच्या तोंडात गोणपाट कोंबलेलं, वर रेती पसरलेली. तोंड दिसत नव्हतं आणि मी बघितलंही नाही. हाताला सवय लागली होती. मी डावीकडेच उतार देत गेलो.

तीन न्हाण्या झाल्यावर चौथ्या दिवशी पाणी ओतून बघितलं तेव्हा कळलं. ठेकेदारानं डोक्याला हात लावला आणि मग म्हणाला, फोडायला वेळ नाही, जाळीभोवती वीतभर खळगा कर म्हणजे पाणी उतरल्यासारखं दिसेल. मी खळगा केला. तपासायला आलेल्या माणसानं नेमकं जाळीवरच पाणी ओतलं, ते गेलं, आणि काम पास झालं.

पुढे मी देखभाल खात्यात लागलो आणि माझ्याच तीन न्हाण्यांच्या तक्रारी माझ्याकडे यायला लागल्या. पाणी साचते. मी जात होतो, फरशीकडे बघून मान हलवत होतो आणि सांगत होतो, "खराट्यानं ढकलून द्या, बाई." मी रोजंदारीवर होतो, कायम व्हायची वाट बघत होतो. चूक माझी आहे हे सांगून काय मिळणार, असा माझा हिशेब होता.

त्या तीनांतल्या एका क्वार्टरात वच्छलाबाई आणि मनोहरभाऊ रामटेके राहत होते. मनोहरभाऊ प्लांटमध्ये फिटर, अबोल माणूस. वच्छलाबाई नागभीडकडच्या, कॉलनीच्या बालवाडीत शिकवायच्या. मला दिसल्या की आधी "जयभीम, कवडूभाऊ" आणि लगेच न्हाणीची तक्रार. मीही जयभीम घालून खराटाच सांगत होतो. त्यांनी खास न्हाणीसाठी एक नवा खराटा आणून दाराशी ठेवला होता.

मग मूल गावाच्या रस्त्यावर बांबूच्या ट्रकनं मनोहरभाऊंच्या सायकलला धडक दिली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नागपूरच्या दवाखान्यातून ते कुबड्यांवर घरी आले आणि आठव्या दिवशी न्हाणीत पडले. डाव्या कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात कुबडी सरकली, टाके उसवले, पुन्हा महिनाभर दवाखाना. या वेळी घरी आले ते न्हाणीत पाऊल ठेवायला तयार नव्हते. चार इंचाचा उंबरा, पलीकडे गुळगुळीत फरशी, तिच्यावर पाणी. वच्छलाबाई त्यांना खाटेवर पुसून काढायच्या, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. बायकोशी बोलणं तुटत चाललं होतं. जेवायचे नाहीत, कुणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग घ्यायचे.

एके दिवशी वच्छलाबाई आमच्या ऑफिसात आल्या. त्यांना उंबरा काढून हवा होता आणि खरबरीत फरशी. साहेब म्हणाले, मूळ नकाशात बदल करता येत नाही, अर्ज वर पाठवतो, पण तोपर्यंत देखभालीच्या माणसाचा हात तिथे लागणार नाही. वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. बाहेर येऊन मला गाठलं.

"कवडूभाऊ, मले फरशी लावाले शिकवा."

"तुमाले? बाई, ते मिस्त्रीचं काम होय."

"साहेब काय म्हणले? तुमचा हात नाई लागला पाह्यजे. नाई लागन. माहा लागन. तुमी दारात बसून नुसतं सांगा. बोलाले तं कोणी मना नाई केलं नं?"

मी म्हटलं, उंबरा काढला तर पाणी घरात येईल. त्या म्हणाल्या, "उतार बरोबर असला तं काऊन येईन?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी हो म्हणून बसलो.

फरशी त्यांनी स्वतः आणली. साधी शहाबादी, घासलेली नाही, खरबरीत अंगाची, आणि मी सांगितल्याप्रमाणे सहा-सहा इंचांचे तुकडे कापून. मोठी फरशी उताराला वळत नाही. लहान तुकडे वळतात, आणि सांधे जास्त असले की पायाला पकड मिळते. चंद्रपूरच्या बाजारातून कॉलनीच्या बसनं एका खेपेला आठ-दहा तुकडे, दोन पिशव्यांत वाटून. बसमध्ये एकानं विचारलं, "बाई, काय इतकं जड?" त्या म्हणाल्या, "बटाटे." महिनाभर कॉलनीला वाटत होतं की रामटेके बाईंकडे फार बटाटे लागतात.

पहिल्या रविवारी त्यांनी पदर खोचला आणि छन्नी-हातोडी घेतली. मी दारात स्टुलावर. पहिला घाव बोटावर बसला, दुसराही. तिसऱ्यापासून उंबऱ्याला बसायला लागले. दुपारपर्यंत उंबरा गेला, मग फरशी उखडायला घेतली. दाराजवळचा तुकडा निघाला तेव्हा खालच्या मसाल्यात रेघा दिसल्या, तीन पुढे आणि एक मागे.

"हे काय व्हय?"

टोळीत आम्ही तिघे मिस्त्री होतो. कोणती न्हाणी कुणाची ते कळावं म्हणून शेवटची फरशी बसवायच्या आधी ओल्या मसाल्यात करणीनं, म्हणजे थापीनं, आपापली खूण काढायची रीत होती. एकाचा चांद, एकाचं नांगराचं चिन्ह, आणि माझा कोंबडीचा पाय.

"असंच असन," मी म्हटलं. "कोणाच्या करणीचा ओरखडा."

त्यांनी तो मसाल्याचा खापरा फेकला नाही. बालवाडीतल्या पोरांना दाखवायला बरा आहे म्हणून बाहेर ओट्यावर ठेवला.

मसाला कालवण्यात त्यांना काही शिकवावं लागलं नाही. धानाच्या गावची बाई, चिखलात जन्म गेलेला. जाळीचं तोंड आधी डोळ्यांनी बघा, मग गोणपाट कोंबा, हे मात्र मी तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकडाव सांगतलं तं समजते मले." दारापाशी आणि जाळीपाशी मसाल्याचे खुणेचे ठिपके टाकून दोरी बांधायची आणि मधला मसाला पट्टीनं ओढून घ्यायचा. त्यांनी पट्टी धरली आणि सफाईनं ओढली. इतका साफ हात मी आमच्या टोळीत पाहिला नव्हता. मी दोरी पुन्हा लावून बघायला सांगायचं विसरलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी ओतलं. पाणी कुठेच गेलं नाही. सगळीकडे सारखं पसरून उभं राहिलं, अगदी आरशासारखं. लहानपणापासून धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, फळी फिरवून चिखल सारखा करणारे हात ते. पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं म्हणजे काम चांगलं, हेच त्या हातांना ठाऊक. दोरीचा उतार पुसून त्यांनी न्हाणीची बांधी करून टाकली होती.

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्या कंबरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीतून मनोहरभाऊंचा आवाज आला. किती दिवसांनी ते आपणहून बोलले असतील कोण जाणे.

"चुकलं काय?"

"चुकलं," वच्छलाबाई म्हणाल्या. आणि हातोडी घेतली.

मी म्हटलं, बाई, सगळं फोडायची गरज नाही, जाळीभोवती थोडा खळगा करता येतो. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तासाभरात दोन दिवसांचं काम त्यांनी घमेल्यात भरून बाहेर टाकलं.

त्याच आठवड्यात मनोहरभाऊंनी खाटेवर बसून लोखंडी पाइपाचा तुकडा कानशीनं घासायला घेतला. भिंतीत बसवायला, हातानं पकडायला धरणं पाहिजे, ते बाजारातलं कशाला, मी करतो, म्हणाले. न्हाणीत करणीचा आवाज आणि खोलीत कानशीचा. मला त्या घरी बसायला आवडायला लागलं होतं. त्यामुळेच पुढचं जास्त लागलं.

दुसऱ्यांदा मसाला टाकला तेव्हा त्यांनी दर वितीला दोरी लावली. झाल्यावर तळहात फिरवून उतार चाचपला. मग मी सांगत होतो की मसाला ओला असताना त्यावर रेघा ओढायच्या, म्हणजे फरशी धरून बसते. बाजूला रेतीचा ढीग होता. बोलता बोलता मी करणी घेतली आणि रेतीत दाखवायला लागलो. तीन रेघा पुढे, एक मागे. हाताची सवय.

वच्छलाबाईंनी रेतीकडे पाहिलं. उठल्या, ओट्यावरचा खापरा आणला आणि रेतीतल्या खुणेशेजारी ठेवला.

"कवडूभाऊ, हा कोंबडीचा पाय तुमचा होय?"

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं. सुलटी, उलटी, गोणपाट, खळगा, तीन क्वार्टरं. सांगताना मी म्हणत होतो, हात सवयीनं गेला, मुद्दाम केलं नाही. त्या ऐकत होत्या. हातातला मसाला वाळत होता.

"सवयीनं माह्याही हातून चुकलं," त्या म्हणाल्या. "पण म्या मोडलं. तुमी झाकलं." मग आवाज चढला. "वर्सभर मले खराटा सांगतला तुमी! त्या पाण्यात माहा मानूस पडला. तुमाले मालूम होतं अन् तुमी खराटा सांगत होते!"

खूप वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. या साहेबांकडे गेल्या तर माझी नोकरी गेली, हा विचार त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात आला, याची मला आजही लाज वाटते.

खोलीतली कानस थांबली होती. मनोहरभाऊंनी आतून विचारलं, "किती म्हणले?"

"तीन."

"मंग दोन राह्यले," ते म्हणाले, आणि कानस पुन्हा सुरू झाली.

मी जायला उठलो. वच्छलाबाई म्हणाल्या, "उद्या या. शिकवनं अर्ध्यावर सोडाचं नाई. पण उद्यापासून स्टुलावर नाई बसाचं. खाली बसा, म्हणजे उतार तुमाले पन दिसन."

दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि जमिनीवर बसलो. पाणी ओतलं. दारातून निघालं, मध्ये जरा विचारात पडल्यासारखं थांबलं आणि उजव्या कोपऱ्यात जाळीत गेलं. मधली जागा वच्छलाबाईंनी पुन्हा खरडून काढली, भरली आणि पुन्हा पाणी ओतलं. तिसऱ्या खेपेला ते थांबलं नाही. त्यानंतर फरशी बसवायला घेतली. खाली सिमेंटचा घोळ, वर तुकडा, करणीच्या दांड्यानं ठोकून बसवायचा, आवाज भरीव आला की पुढचा. पोकळ आला की उचलून पुन्हा. चार संध्याकाळी लागल्या. माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. शेवटचा तुकडा बसवायच्या आधी त्यांनी मसाल्यात करणीनं काहीतरी काढलं. मी वाकून बघितलं. धानाची लोंबी होती.

मग सात दिवस तराई. गोणपाट ओलं ठेवायचं आणि कुणी पाय ठेवायचा नाही. आठव्या दिवशी रविवार होता. मला निरोप आला, या.

मनोहरभाऊ कुबड्यांवर उभे होते, खांद्यावर टॉवेल. न्हाणीत बसायला नवाच बांधलेला छोटा ओटा, भिंतीत त्यांनी घासलेलं धरणं, खाली खरबरीत फरशी. दाराशी आता उंबरा नव्हता. त्यांनी कुबडी आत टेकवली. सरकली नाही. दुसरी टेकवली. सवयीप्रमाणे वच्छलाबाई मागोमाग निघाल्या.

"तू बाह्यर राय," ते म्हणाले.

दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला. वच्छलाबाई तिथेच उभ्या राहिल्या. चार महिन्यांत मनोहरभाऊंनी ती कडी आतून कधी लावली नव्हती.

पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही खाली बघत होतो, दाराच्या फटीकडे. उंबरा नाही, म्हणजे उतारात काही चुकलं असलं तर पाणी तिथूनच बाहेर येणार. दुसरा तांब्या. तिसरा. मग आत मोजणं सोडून द्यावं अशी आंघोळ सुरू झाली. मधेच मनोहरभाऊ नुसतेच मोठ्यानं "हाऽ" म्हणाले. फटीतून वाफ आली, साबणाचा वास आला, पण पाण्याचा एक थेंब आला नाही. वच्छलाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मलाही आवरेना, मी रेतीच्या उरलेल्या ढिगाकडे बघत बसलो.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, दारामागचा खराटा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा, कवडूभाऊ. मले नाई लागत आता."

तो खराटा खांद्यावर टाकून मी निघालो. रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, रविवारचं कुठी झाडाले? मी थांबलो नाही. देखभालीचं ऑफिस रविवारीही उघडं असायचं, तक्रारींच्या रजिस्टरवर एक कारकून बसलेला असायचा. मी रजिस्टर ओढलं आणि उरलेल्या दोन उलट्या क्वार्टरांचे नंबर लिहिले. कामाचं स्वरूप : न्हाणीचा उतार चुकीच्या बाजूला, सगळी फरशी फोडून नवीन लावणे. तक्रारदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

कारकुनानं वाचलं, वर माझ्याकडे बघितलं, खराट्याकडे बघितलं.

"काऊन रे कवडू, तू तं तिथी राहत नाई."

"राहत नाई," मी म्हटलं. "पण फरशी माही होय."